इंग्रजी येणाऱ्यांना इंग्रजीत काय शिकवतात?

"मी ए-लेव्हलला इंग्लिश लँग्वेज घेतेय," असं लंडनमधल्या मराठी घरातली सोळा वर्षांची नात फोनवर सांगते, तेव्हा इकडून आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अगं, तुझा जन्मच तिथला. तुला इंग्रजी शिकायचं अजून राहिलंय काय?"

आजीचं चुकत नाही. आपल्याला माहीत असलेला इंग्रजी हा विषय म्हणजे धडे, कविता, निबंध, पत्रलेखन आणि व्याकरणाचे हक्काचे मार्क. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला ते यावं, एवढाच त्यामागचा हेतू. इंग्लंडमधल्या ए-लेव्हलचा ‘इंग्लिश लँग्वेज’ हा विषय मात्र इंग्रजी येतंच आहे असं धरून सुरू होतो. चालता सगळ्यांनाच येतं. पण चालताना गुडघा नेमकं काय करतो असं कुणी विचारलं की आपण थबकतो आणि खाली बघायला लागतो. हा विषय मुलांना दोन वर्षं असं खाली बघायला लावतो.

आधी व्यवस्था थोडक्यात. सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा संपली की मुलं दोन वर्षांच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये जातात आणि त्याच्या शेवटी ए-लेव्हलची परीक्षा देतात. आपली अकरावी-बारावी म्हणा, फक्त बहुतेक जण तीनच विषय घेतात, त्यामुळे प्रत्येक विषयात बरंच खोल जाता येतं. इंग्रजीच्या नावाने तिथे तीन निरनिराळे विषय आहेत: ‘लिटरेचर’, ‘लँग्वेज’ आणि दोन्ही एकत्र करणारा तिसरा. नावं इतकी सारखी की मुलंही फसतात आणि पहिल्या आठवड्यात "नाटक कधी वाचायचं?" असं विचारून मोकळी होतात. लिटरेचरवाल्यांच्या हातात कादंबरी, नाटक, कविता असते. लँग्वेजवाल्यांच्या हातात काहीही येऊ शकतं. बँकेचं पत्र, तीन वर्षांच्या मुलाचं आईशी झालेलं बोलणं, नोकरीची जाहिरात, अठराव्या शतकातली पाककृती, फुटबॉलप्रेमींची व्हॉट्सॲपवरची हमरीतुमरी. मजकूर ‘दर्जेदार’ असावा अशी अट नाही. ज्याच्याकडे एरवी कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही, तोच मजकूर इथे जास्त कामाचा.

‘चूक’ हा शब्द बाजूला ठेवायचा

मुलांना विषय जड जातो तो इथे. ‘मी तुझी मदत करतो’ असं कुणी म्हटलं की काही मराठी माणसांच्या कपाळावर आठी उमटते. ‘तुला मदत’ म्हणावं, ‘तुझी मदत’ ही हिंदीची लागण, असं ते लगेच सांगतात. आता आठी न घालता विचार करायचा: हे कोण म्हणतं? कुठल्या वयाची माणसं? घरात की ऑफिसात? ऐकणारा त्यावरून बोलणाऱ्याबद्दल काय ठरवून टाकतो? आठीवाली वृत्ती नियम घालून देणाऱ्याची, प्रश्नांची वृत्ती नोंद घेणाऱ्याची. वर्गात त्यांना प्रिस्क्रिप्टिव्ह आणि डिस्क्रिप्टिव्ह म्हणतात, आणि हा विषय उघडपणे नोंद घेणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे.

इंग्रजीतलं नेहमीचं उदाहरण दुहेरी नकाराचं. ‘आय डोन्ट नो नथिंग’ म्हटलं की शिक्षित कान टवकारतात. दोन नकार एकमेकांना खोडतात, म्हणून वाक्याचा अर्थ उलटा होतो, असा युक्तिवाद. इंग्रजीत तो पक्का रुजवण्यात रॉबर्ट लोथ या बिशपने १७६२ साली छापलेल्या व्याकरणाचा वाटा आहे. पण चौदाव्या शतकात चॉसर या कवीने ‘कँटरबरी टेल्स’मधल्या सरदाराचं वर्णन करताना एका दमात नकारावर नकार रचले होते, ते निव्वळ जोर देण्यासाठी. इंग्लंडमधल्या कित्येक बोलींत आजही ते तसंच चालतं. आणि खरं सांगायचं तर ‘डोन्ट नो नथिंग’ म्हणणाऱ्याला सगळं माहीत आहे असं समजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. भाषा गणिताच्या नियमाने चालत असती तर लोथसाहेबांचं खरं ठरलं असतं.

मग काहीही चालतं का? नाही. याच मुलांनी परीक्षेत उत्तर लिहायचं ते प्रमाण इंग्रजीत, नेटक्या वाक्यरचनेत. त्याला मार्क आहेत. पण प्रमाण इंग्रजी ही इतर बोलींसारखीच एक बोली आहे आणि कोर्ट, परीक्षा, नोकरीची मुलाखत इथे तिचं नाणं चालतं, हे त्यांना कळलेलं असतं. तिचंच नाणं का चालतं, हा अभ्यासक्रमातला प्रश्न आहे.

मूल चुकतं तेव्हा

मला स्वतःला या विषयातला सगळ्यात रसाळ भाग वाटतो तो लहान मुलांच्या भाषेचा. जन्मापासून अकरा वर्षांपर्यंत मूल बोलायला, वाचायला, लिहायला कसं शिकतं, हे इथे अभ्यासतात.

दीड-दोन वर्षांचं इंग्रजी मूल ‘वेन्ट’ म्हणजे ‘गेलो’ हे बरोबर म्हणतं. मग काही महिन्यांनी तेच मूल ‘वेन्ट’ सोडून ‘गो’ला सरळ ‘एड’ जोडायला लागतं. ‘रॅन’च्या जागी ‘रन्ड’, ‘माइस’च्या जागी ‘माउसेस’. पालकांना वाटतं, पोर मागे पडलं. खरं तर ते पुढे गेलेलं असतं. आधीचा ‘वेन्ट’ हा पाठ केलेला सुटा शब्द होता; आता मुलाला नियम सापडला आहे आणि तो ते दिसेल तिथे लावून पाहतंय. आपल्याकडची पोरं ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, ते याच जातीचं. ‘करलं’ त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. घरात कुणी तसं बोलतही नाही. म्हणजे ते अनुकरण नव्हे, हिशेब आहे.

हा हिशेब खरंच होतो का, हे तपासायला जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८ साली एक साधीच युक्ती केली. तिने पक्ष्यासारखा एक काल्पनिक प्राणी काढला आणि मुलांना सांगितलं, हा ‘वग’. मग दोन प्राण्यांचं चित्र दाखवून वाक्य अर्धं सोडलं: आता इथे दोन… मुलांनी ते पूर्ण केलं: ‘वग्ज’. हा शब्द जगात कुठेच नव्हता, तेव्हा पाठ असण्याचा प्रश्नच नाही. शिवाय शेवटचा ध्वनी बघा. ‘कॅट’चं अनेकवचन ‘कॅट्स’, शेवटी ‘स’. पण ‘डॉग’चं ‘डॉग्ज’, शेवटी ‘झ’कडे झुकणारा आवाज. लिहिताना दोन्हीकडे एकच अक्षर येतं. बहुतेक मोठ्या माणसांना आपण दोन वेगळे आवाज काढतो याचा पत्ताच नसतो. चार-पाच वर्षांच्या मुलांनी ‘वग’ला ‘झ’वाला आवाज लावला, तोही आपोआप.

आणखी एक संवाद या विषयाच्या प्रत्येक वर्गात ऐकवला जातो. १९६६ साली डेव्हिड मॅकनील यांनी तो नोंदवला. मूल म्हणतं, "नोबडी डोन्ट लाइक मी." आई दुरुस्त करते, "नोबडी लाइक्स मी म्हण." मूल पुन्हा तेच. असं आठ वेळा होतं. शेवटी आई म्हणते, आता नीट ऐक, ‘नोबडी लाइक्स मी’. तेव्हा मुलाच्या डोक्यात प्रकाश पडतो: "ओ! नोबडी डोन्ट लाइक्स मी." एक ‘स’ तेवढा आत आला, बाकी जैसे थे. (आपण कुणालाच आवडत नाही असं मूल सांगतंय आणि आई व्याकरण तपासतेय, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. पण तो वेगळा विषय.)

या दोन नोंदींच्या आधारे मुलांना एक मोठा वाद समजून घ्यायचा असतो. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली मांडलं की भाषा ही सवय आहे. मूल ऐकतं, नक्कल करतं, शाबासकी मिळाली की ते पक्कं होतं. दोनच वर्षांनी नोम चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर कडाडून टीका केली: मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, तेव्हा भाषेची काहीतरी जन्मजात तयारी मेंदूत असलीच पाहिजे. पुढे जेरोम ब्रूनर यांनी बोट तिसरीकडे ठेवलं. आई-बाप मुलाशी ज्या ठरावीक पद्धतीने खेळतात, तेच तेच पुन्हा म्हणतात, पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारतात, त्या आधारावर भाषा चढते. परीक्षेत यांतलं कोण बरोबर हे विचारत नाहीत. एका खऱ्या मुलाच्या बोलण्याची लिखित नोंद समोर ठेवतात, अर्ध्या सेकंदाचे विराम आणि अर्धवट शब्दांसकट, आणि सांगतात, यात तुम्हाला काय दिसतं ते दाखवा. ‘वग’ची गोष्ट पाठ असून तिथे भागत नाही. समोरच्या मुलाने ‘माउसेस’ म्हटलं आहे की ‘माइस’, आणि कुठल्या ओळीत, हे बघावं लागतं.

एका ‘र’ची किंमत

दुसरा मोठा भाग विविधतेचा: एकाच भाषेत इतके प्रकार का, आणि त्यांतल्या काहींना मान, काहींना टोमणे का.

विल्यम लबॉव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी साठच्या दशकात न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत केलेली पाहणी इथे आधारशिलेसारखी आहे. सॅक्स हे महागडं, मेसीज मधलं, एस. क्लाइन स्वस्तातलं. लबॉव्ह आधी बघून ठेवत की कुठला विभाग चौथ्या मजल्यावर आहे. मग विक्रेत्याला निरागसपणे विचारत, तो विभाग कुठे? उत्तर अर्थातच ‘फोर्थ फ्लोर’. दोन शब्द, दोन ‘र’. ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा विचारत, म्हणजे दुसऱ्यांदा समोरचा जरा सावरून, स्पष्ट बोले. मग बाजूला जाऊन वहीत नोंद. अशा २६४ विक्रेत्यांपैकी ‘र’ निदान काही वेळा तरी उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के निघाले, मेसीजमध्ये ५१, क्लाइनमध्ये फक्त २०. पगार सगळ्यांचे विक्रेत्याचेच, पण ज्या गिऱ्हाइकाशी रोज बोलायचं त्याची छाया जिभेवर पडलेली.

आता गंमत बघा. न्यूयॉर्कमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘र’ म्हणणं प्रतिष्ठेचं. इंग्लंडमध्ये नेमकं उलट. तिथला जुना प्रतिष्ठित उच्चार, ज्याला रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन म्हणतात, त्यात ‘कार’चा ‘र’ गिळतात. तो ठासून म्हणणारा पश्चिमेकडच्या शेतीभागातला मानला जातो आणि विनोदी कार्यक्रमांत त्याची नक्कल होते. ध्वनी तोच, अटलांटिकच्या एका काठावर साहेब आणि दुसऱ्या काठावर गावंढळ. म्हणजे किंमत ‘र’ची नव्हतीच. ‘आणि-पाणी’ आणि ‘आनि-पानी’ यांवरून माणसं जोखणाऱ्या आपल्याला हे समजायला फार वेळ लागू नये.

पीटर ट्रडगिल यांनी नॉरिच शहरात ‘वॉकिंग’ आणि ‘वॉकिन’ यांचा असाच माग काढला. त्यांचं काम १९७४ साली प्रसिद्ध झालं. स्त्रिया सरासरीने प्रमाण रूपाकडे जास्त झुकलेल्या आढळल्या. पण खरी चमक पुढे आहे. लोकांना विचारलं, तुम्ही कसं बोलता? कित्येक स्त्रियांनी आपण आहोत त्यापेक्षा प्रमाण बोलतो असं सांगितलं, आणि कित्येक पुरुषांनी आपण आहोत त्यापेक्षा रांगडं बोलतो असं. रांगडेपणालाही एक छुपी प्रतिष्ठा असते, हे त्यातून दिसलं. हॉवर्ड जाइल्स यांनी तर एकच युक्तिवाद, फाशीच्या शिक्षेबद्दलचा, वेगवेगळ्या उच्चारांत लोकांना ऐकवला. प्रतिष्ठित उच्चारातला युक्तिवाद लोकांना जास्त दर्जेदार वाटला. मतं मात्र जास्त हलवली ती प्रादेशिक उच्चारांनी.

स्त्री-पुरुषांच्या बोलण्याबद्दलचा भाग मुलांना आवडतो, आणि तिथेच ती जास्त घसरतात, कारण प्रत्येकाचं मत आधीपासून तयार असतं. म्हणून इथे पुराव्याकडे संशयाने बघायला शिकवतात. डॉन झिमरमन आणि कँडेस वेस्ट यांनी १९७५ साली ११ मिश्र संभाषणं तपासली, त्यांत पुरुषांनी ४६ वेळा मध्येच तोडलं आणि स्त्रियांनी दोनदा. आकडा इतका झणझणीत की तो पाठ होतो. पण संभाषणं अकराच. बोलणारे सगळे गोरे, मध्यमवर्गीय, तरुण. आणि जेफ्री बीटी यांनी नंतर दाखवून दिलं तसं, त्यांत एखादाच पुरुष अतिबडबड्या असेल तर सगळा आकडा त्याच्यामुळे फुगू शकतो. बीटी यांच्या स्वतःच्या नोंदींत दोन्हीकडचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं. आकडा सांगून थांबणाऱ्या मुलाला कमी मार्क मिळतात. तो कसा मिळाला हे विचारणाऱ्याला जास्त.

भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा एक तुकडाही याच भागात येतो. श्रीनगरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८५ साली जगातल्या इंग्रजीची तीन वर्तुळं आखली. आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिकेसारखे देश, बाहेरच्यात भारत-नायजेरियासारखे, जिथे इंग्रजी राज्यकर्त्यांबरोबर आली आणि राहिली, आणि पसरत्या वर्तुळात चीन-जपानसारखे. ‘मीटिंग प्रीपोन केली’ हे आपण सर्रास म्हणतो. ही चूक की भारतीय इंग्रजीतला रीतसर शब्द? ऑक्सफर्डच्या कोशकारांनी तो नोंदवून घेतला आहे. तरी लंडनच्या वर्गात या प्रश्नावर अर्धा तास वाद रंगू शकतो, आणि त्या वादात घरी दोन भाषा बोलणाऱ्या मुलांकडे इतरांपेक्षा जास्त सांगण्यासारखं असतं.

अंडी मागितली तर फ्रेंच कशाला?

भाषा बदलते हे सगळेच म्हणतात. किती बदलते, याचा अंदाज विल्यम कॅक्स्टन यांच्या एका किश्श्यातून येतो. १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकणारे हेच. १४९० च्या एका प्रस्तावनेत ते सांगतात, लंडनहून जहाजाने निघालेले काही व्यापारी वारा पडला म्हणून वाटेत किनाऱ्याला थांबले. त्यांतल्या एकाने एका घरी ‘एग्ज’ मागितली. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. मग दुसऱ्याने ‘आयरेन’ हा शब्द वापरला तेव्हा बाईंना कळलं. एक शब्द उत्तरेतून, नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियन लोकांकडून आलेला. दुसरा जुना दक्षिणी. कॅक्स्टनपुढे प्रश्न हा की छापायचं काय? त्यांनी आणि त्यांच्यासारख्या छापखानेवाल्यांनी जे निवडलं ते पुढे ‘प्रमाण’ झालं. भाषेची वळणं कधी कधी अशा धंद्याच्या अडचणीतून ठरतात.

बदल थोपवायचे प्रयत्नही झाले. सॅम्युएल जॉन्सन आपला कोश करायला बसले तेव्हा भाषा स्थिर करावी अशी त्यांची इच्छा होती. १७५५ साली तो छापला तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी मान्य केलं की हे होण्यातलं नाही. तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. जीन एचिसन यांनी १९९६ साली बीबीसीवरच्या व्याख्यानमालेत या तक्रारींची तीन चित्रांत थट्टा केली: ओला चमचा साखरेत घालणारे, म्हणजे भाषा आळसाने बिघडते असं मानणारे, ढासळता वाडा, म्हणजे ती पूर्वी कधीतरी परिपूर्ण उभी होती आणि आता पडतेय असं वाटणारे, आणि साथीचा रोग, म्हणजे वाईट सवयी एकमेकांकडून लागतात असं म्हणणारे. ही तीन चित्रं मनात ठेवून कुठल्याही वर्तमानपत्रातलं ‘हल्लीच्या मुलांची भाषा’ छापाचं पत्र वाचावं. तिन्हींपैकी एक तरी हमखास सापडतं. मराठी वर्तमानपत्रही चालेल.

शब्दांच्या प्रवासात तर आपलाही हात आहे. इंग्रजीतला ‘मॉन्गूस’ हा मराठी ‘मुंगूस’वरून गेला. ‘गूस’ म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी, त्याचं अनेकवचन ‘गीस’. पण दोन मुंगसांना बहुतेक सगळे ‘मॉन्गूसेस’च म्हणतात. परक्या पाहुण्याला इंग्रजीने जुनी वाकडी रूपं लावली नाहीत, ‘वग’वालाच सरळ नियम लावला.

हातातली हत्यारं

या सगळ्यासाठी मजकूर उकलायची काही हत्यारं लागतात: ध्वनी, शब्द आणि त्यांचे अर्थ, वाक्यरचना, पानावरची मांडणी, संभाषणाची वीण, आणि प्रॅग्मॅटिक्स, म्हणजे न बोललेलं ऐकणं. शेवटचं सगळ्यात मजेदार. ‘थँक यू फॉर नॉट स्मोकिंग’ या पाटीत मनाई कुठेच नाही. तुम्ही ओढणार नाहीच असं गृहीत धरून आभार मानून टाकले आहेत. आता सिगारेट काढणारा नियम मोडत नाही, उपकारकर्त्याचं तोंड पाडतो. किंवा सरकारी निवेदनातलं ‘मिस्टेक्स वेअर मेड’. मराठीत आपण ‘चुका झाल्या’ म्हणतो, तेच. क्रियापद आहे, कर्ता गायब.

इथे एक खड्डा आहे, त्यात दर वर्षी मुलं पडतात. वर्गात त्याला फीचर स्पॉटिंग म्हणतात. मूल लिहितं: ‘लेखकाने इथे विशेषण वापरलं आहे, इथे आज्ञार्थ वापरला आहे, इथे सर्वनाम.’ बरोबर आहे. मग? त्या आज्ञार्थामुळे बँक तुमच्याशी मालकासारखी बोलते की मित्रासारखी, हे लिहिल्याशिवाय परीक्षकाच्या दृष्टीने ती नुसती मोजणी आहे. नावं पाठ करणं लागतंच, पण ती पेचकसासारखी वापरायची. दाखवून परत खिशात ठेवली तर काम होत नाही.

परीक्षेचा आराखडा मंडळागणिक थोडा बदलतो. एक्यूए या मोठ्या मंडळाचं उदाहरण घ्या. अडीच-अडीच तासांचे दोन पेपर, प्रत्येकाला ४० टक्के. पहिल्यात दोन मजकुरांची उकल आणि तुलना, शिवाय लहान मुलांची भाषा. दुसऱ्यात विविधता आणि बदल यांवर निबंध, आणि भाषेविषयीची मतं मांडणारे दोन लेख वाचून त्यांची चिरफाड. मग त्याच विषयावर स्वतःचा लेख. उरलेले २० टक्के वर्षभरात केलेल्या कामाला: एक स्वतंत्र सर्जनशील लेखन, त्यावरचं स्वतःचं भाष्य, आणि सुमारे २००० शब्दांचं संशोधन.

हे संशोधन म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिल्यांदा आलेली प्रयोगशाळा. एकच सामना रेडिओवर आणि टीव्हीवर ऐकून समालोचनात काय फरक पडतो? आजीचे आणि मामेभावाचे मेसेज शेजारी ठेवले तर पूर्णविराम कोण वापरतं आणि कुणाचा पूर्णविराम रागावल्यासारखा वाटतो? विषय असा घरातला चालतो. परवानगी घ्यावी लागते, नावं बदलावी लागतात. आणि मग एक पेच उभा राहतो, तोही लबॉव्ह यांनीच सांगून ठेवलेला: माणसं लक्ष नसताना कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, पण लक्ष ठेवल्याशिवाय ते मिळत नाही. टेबलावर फोन रेकॉर्डिंगला ठेवला की मामाही बातम्या वाचल्यासारखा बोलायला लागतो.

कुणी घ्यावा

‘पुढे काय?’ हा प्रश्न आजीचा नाही तर बाबांचा असतो. पत्रकारिता, कायदा, शिक्षण ही नेहमीची उत्तरं आहेतच. थेट वाट जाते ती भाषाशास्त्राच्या पदवीकडे, आणि मुलांच्या-वृद्धांच्या बोलण्यातल्या अडचणींवर काम करणाऱ्या स्पीच थेरपीसाठीही या विषयाचा पाया बरा पडतो. तिसरी एक वाट कमी लोकांना माहीत असते: गुन्ह्याच्या प्रकरणात भाषेचाच पुरावा तपासण्याची.

१९५३ च्या जानेवारीत डेरेक बेन्टली या १९ वर्षांच्या मुलाला लंडनमध्ये फाशी दिलं. गोळी त्याच्या साथीदाराने झाडली होती. बेन्टलीविरुद्धच्या पुराव्यात त्याचा जबाब होता, आणि तो त्याने आपणहून, सलग सांगितला असं पोलिसांचं म्हणणं. पुढे कित्येक वर्षांनी माल्कम कूल्टहार्ड या भाषाशास्त्रज्ञांनी त्या जबाबातला ‘देन’ हा शब्द मोजला. तो साध्या माणसाच्या बोलण्यात येतो त्यापेक्षा फार जास्त वेळा होता, आणि त्याची जागा विचित्र होती. आपण ‘मग मी’ म्हणतो. जबाबात वारंवार ‘मी मग’ अशा धाटणीचं ‘आय देन’ येत होतं. ती धाटणी पोलिसांच्या टिपणांत सापडते. जबाब एकट्या बेन्टलीच्या तोंडचा नसावा, असा त्याचा रोख होता. १९९८ साली अपील न्यायालयाने बेन्टलीची शिक्षा रद्द ठरवली. त्यामागे इतर कारणंही होती, खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन हे त्यांतलं मोठं.

कथा-कविता मनापासून आवडणाऱ्या मुलाने लिटरेचर घ्यावं. इथे ते दोन महिन्यांत कंटाळेल. ‘मला निबंधात चांगले मार्क पडतात’ हे कारणही पुरेसं नाही. इथे तक्ते करावे लागतात, मोजावं लागतं, आणि घरी आपण सगळे ज्या बोलण्याला हसतो त्याच्याकडे न हसता बघावं लागतं. निवड करण्याआधी एक चाचणी घरच्या घरी करता येते. जेवणाच्या टेबलावरचं दोन मिनिटांचं बोलणं सगळ्यांना विचारून रेकॉर्ड करावं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवावं: प्रत्येक ‘अं’, प्रत्येक विराम, दोघं एकदम बोलले ती जागा, मध्येच सोडलेलं वाक्य. याला तास सहज लागतो. अर्ध्या तासात ज्याचा जीव मेटाकुटीला येईल त्याने अर्थशास्त्र घ्यावं. आणि जो मध्येच थांबून म्हणेल, "थांब, आई प्रत्येक वाक्य ‘नाही’ने सुरू करते, हो म्हणायचं असलं तरी!", त्याचं नाव नोंदवून टाकायला हरकत नाही.